आधीचे साहेब

गुरुवारी सकाळी अकरा वाजता, एक पेशंट बाहेर गेलेला आणि दुसरा अजून आत यायचा, एवढ्या फटीत डॉक्टरांनी फोन उघडला आणि गटावर आलेला डोळा पाहिला. डोळा ओळखीचा निघाला.

डोळ्यांच्या डॉक्टरला डोळा ओळखू आला यात नवल काय, असं कुणी म्हणेल. पण दिवसाला साठ-सत्तर डोळ्यांत डोकावणारा माणूस चेहरे विसरतो तसे डोळेही विसरतो. लक्षात राहतात ते फक्त घाम फोडणारे. हा त्यातला होता. बुबुळाच्या कडेला, घड्याळात सात असतात त्या जागी, बारीक काळा ठिपका. त्याहून वाईट म्हणजे छेदांची जागा. मोतीबिंदू काढताना एक मोठा छेद घेतात, आणि दुसऱ्या हातातल्या हत्यारासाठी बाजूला एक बारीकसा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा बारीक छेद जिकडे पडतो, त्याच्या बरोबर उलट बाजूला या डोळ्यातला होता. डॉक्टर हाताने डावरे होते.

त्यांनी फोन पालथा ठेवला, पुढच्या पेशंटला आत बोलावलं, त्या गृहस्थांची हनुवटी यंत्रावर टेकवली, "वर बघा" म्हणाले आणि पुन्हा फोन सुलटा केला. गृहस्थ बिचारे वर बघत राहिले.

हा गट नेत्रतज्ज्ञांचा, दोनशे बारा जणांचा. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच तो सुरू केला होता आणि अजून तेच चालवत होते. अडलेली केस टाकायची, पेशंटचं नाव झाकून फोटो टाकायचे, मग बाकीच्यांनी डोकं चालवायचं. कितीतरी डोळे या गटाने वाचवले होते, हे खोटं नाही. डॉक्टरांना मात्र खरा अभिमान होता तो एका नियमाचा. पेशंटवर आधी ज्याने इलाज केला असेल त्याला गटावर फक्त "आधीचे साहेब" म्हणायचं. बाई असली तरी साहेबच. नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही, अंदाज बांधायचा नाही. नाहीतर अशा गटांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. ज्ञानाची देवाणघेवाण राहते बाजूला आणि दुसऱ्याच्या टाक्यांना नावं ठेवण्यात दिवस जातो. या नियमाचं इतर गटांनीही अनुकरण केलं होतं, आणि एका परिषदेत त्यावर डॉक्टरांचं दहा मिनिटं भाषणही झालं होतं.

केस टाकली होती धाकटीने. ती दूरच्या एका शहरात कॉर्नियाची डॉक्टर होती. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. दीड वर्षापूर्वी गटात आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. तिने लिहिलं होतं: "स्त्री, वय अठ्ठावन्न, शिवणकाम करतात. तीन महिन्यांपूर्वी दुसरीकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन. आधीच्या साहेबांच्या नोंदीप्रमाणे काही अडचण आली नाही. दीड महिन्यापासून धूसर दिसतं. कॉर्नियाचा खालचा भाग सुजलाय, औषधांनी उतरत नाही. आता सुईत दोरा ओवता येत नाही. नेत्रपेढीकडून कॉर्निया मिळाला आहे, उद्या दुपारी तीनला रोपण ठरवलं आहे. माझ्याकडून काही सुटत असेल तर कृपया सांगा."

खाली ऑपरेशनच्या नोंदीचा फोटो होता. कागदाच्या माथ्यावर, दवाखान्याचं नाव असतं तिथे, पांढरी पट्टी चिकटवलेली. पट्टीखाली डॉक्टरांचं स्वतःचं तिरकं अक्षर: "सर्व तुकडे पूर्ण काढले. अडचण नाही."

"डॉक्टर, खाली बघू का?" यंत्रापाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं. डॉक्टर हो म्हणाले.

ते ऑपरेशन त्यांना स्वच्छ आठवत होतं. मोतीबिंदू पिकून दगड झालेला. त्याचे तुकडे करायचे आणि नळीने एकेक ओढून घ्यायचे, अशी रीत. शेवटचा तुकडा साखरेच्या दाण्याएवढा होता. तो गिरकी घेऊन डोळ्यांदेखत दिसेनासा झाला. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर पडद्यावर बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, एक खाली गेला का?" डॉक्टर म्हणाले, "नळीत गेला." मिनिटभर शोधलं. फार उकरत बसलं तर काचेलाच धक्का लागतो, हेही खरंच होतं. बाहेर चार पेशंट थेंब घालून ताटकळत बसले होते, हेही खरं होतं. तुकडा निसटणं कुणाच्याही हातून होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज होती ती पुढच्या दोन ओळींची. "एक तुकडा दिसला नाही" एवढं लिहायला शाई कितीशी लागली असती? पण हात रोजचंच वाक्य लिहून मोकळा झाला.

आणि तो तुकडा आता तिथे, काचेच्या मागे, खालच्या कोपऱ्यात दडून तिला त्रास देत असणार, हे डॉक्टरांना लख्ख दिसत होतं. लहानसा छेद घेऊन तो काढला की सूज उतरण्याची बरीच आशा होती. त्याऐवजी उद्या तीनला त्या बाईची स्वतःची काच काढून तिथे परक्याची बसवणार. तुकडा आत तसाच राहणार, आणि तो नव्या काचेचीही वाट लावणार. मग त्या डोळ्याचं काही खरं नाही.

गटावर तोवर मतं यायला लागली होती. रोपण योग्य, रोपण योग्य, रोपणाला पर्याय नाही. मध्येच एका टवाळाने लिहिलं, "छेद बघा. आधीचे साहेब डावरे दिसतात." दुसरा म्हणाला, "डावऱ्यांना नावं ठेवू नका, आपले अ‍ॅडमिनसाहेबही त्यातलेच." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग डॉक्टरांनी जे केलं ते आठवून त्यांना पुढे कितीतरी दिवस स्वतःची शिसारी यायची. त्यांनीही एक हसरा चेहरा टाकला, आणि खाली लिहिलं, "मंडळी, नियम लक्षात असू द्या."

दुपारी ते ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. सिस्टर हत्यारं पुसून ट्रेमध्ये मांडत होत्या.

"सिस्टर, त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आठवतात का? तीन महिने झाले."

"आठवतात ना. मी विचारलं होतं तुम्हाला."

"काय विचारलं होतं?"

"तुकड्याचं." त्यांनी वर बघितलं नाही.

"मग नंतर परत का नाही बोललात?"

"नंतर काय बोलणार, सर? तुम्ही लिहून टाकलंत. लिहिल्यावर मी कोण बोलणार?" असं म्हणून त्यांनी ट्रेवर कापड टाकलं.

डबा तसाच बंद करून डॉक्टरांनी गटावर लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांना एक वाट सापडली. इतकी सोपी की आधी कशी सुचली नाही, असं वाटावं. सांगायचं तर सगळं सांगायचं, पण आपलं म्हणून नाही. तज्ज्ञाचा तर्क म्हणून. पेशंटचा डोळा वाचला म्हणजे झालं. त्यांनी लिहिलं, "सूज फक्त खाली आहे, हे बघा. मोतीबिंदूचा एखादा तुकडा खालच्या कोपऱ्यात राहिलेला असू शकतो. तो काढला तर रोपण टळेल. आधी तिथे बघून घ्यावं."

पाच मिनिटांत कौतुकाचा पाऊस पडला. काय नजर आहे, सर. आम्हाला सुचलंच नाही. म्हणून तर गटात तुम्ही हवेत. डॉक्टर वाचत होते आणि प्रत्येक शाबासकी तोंडात मारल्यासारखी लागत होती. तरी आतून कुठेतरी, खोटं कशाला बोला, बरंही वाटत होतं. माणूस मोठा विचित्र प्राणी आहे.

मग धाकटीने विचारलं, "सर, सुजेमुळे कोपरा दिसत नाही आणि आतलं दाखवणारं यंत्र माझ्याकडे नाही. नोंदीत तर सर्व तुकडे काढल्याचं लिहिलंय. मग तुम्हाला असं कशावरून वाटतं?"

डॉक्टरांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी एकच शब्द पाठवला: "अनुभव."

त्यालाही चाळीस अंगठे मिळाले. धाकटीचा त्यात नव्हता.

एवढ्यावर प्रकरण मिटलंही असतं. पण चारच्या सुमारास मास्तर गटावर आले. मास्तर म्हणजे कॉर्नियातले बाप माणूस, अर्ध्या गटाचे गुरू. ते क्वचित बोलत आणि बोलले की विषय संपे. त्यांनी लिहिलं, "तर्क चांगला आहे, पण नोंद वाचा. इतकी नेटकी नोंद लिहिणारा सर्जन तुकडा आत विसरत नाही, आणि राहिला तर लपवत नाही. उगाच उकराउकर करून सुजलेल्या काचेचे हाल करू नका. पेढीचा कॉर्निया उद्यापुरताच टिकेल. रोपण करा."

झालं. दुपारी डॉक्टरांच्या नजरेचे गोडवे गाणारे एकेक करून मास्तरांकडे सरकले. डॉक्टर फोनकडे बघत बसले. त्यांच्या खऱ्या बोलण्यावर त्यांच्याच खोट्या दोन ओळींनी मात केली होती. आणि मास्तरांनी त्या ओळींच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली होती, हे वर.

घरी आले तेव्हा बायको जेवणाच्या टेबलावर वह्यांचा ढीग घेऊन बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची. डॉक्टरांनी चहा केला, दोघांचा, आणि साखर घालायला विसरले.

"काय झालंय?" तिने घोट घेऊन विचारलं.

"काही नाही. गटावर एक उत्तर दिलं. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे, पण कुणी मानत नाही."

"कसं काढलंस ते लिहिलंस का?"

"म्हणजे?"

"अरे, ही बघ." तिने एक वही त्यांच्यासमोर सरकवली. "उत्तर बरोबर. रीत कुठेय? मधल्या सगळ्या पायऱ्या गायब. आता मी काय समजायचं? कुठूनतरी बघून लिहिलंय." तिने लाल पेनाने समासात रेघ मारली आणि पुढची वही घेतली. "रीत दाखव, मग मानतील."

डॉक्टरांना तिला सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण सांगितलं तर ती म्हणेल लिही, आणि मग लिहावंच लागेल, या भीतीने ते मूग गिळून बसले.

शुक्रवारी सकाळी सात ऑपरेशनं होती. हात रोजच्यासारखे चालले, हेच एक नवल. प्रत्येक डोळ्यातला शेवटचा तुकडा नळीत जाताना ते मोठ्याने "गेला" म्हणत होते आणि सिस्टर "गेला" म्हणत होत्या. साडेबारापर्यंत सगळं आटोपलं. मग ते आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

तीनला अडीच तास होते. डॉक्टरांनी मनातल्या मनात बचावाची सगळी भाषणं करून पाहिली. धाकटीला एकटीला फोन करून कानात सांगावं? ती म्हणेल ठीक आहे, पण मास्तर नको म्हणत असताना तिने कशाच्या जोरावर रोपण रद्द करायचं? तिला कारण द्यावं लागेल, आणि कारण म्हणजे नाव. बरं, नाव सांगायचं नाही हा तर नियमच आहे. नियमाने आपण गप्प बसायला बांधलेले आहोत, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तो इतका बिनडोक होता की त्यांचेच कान लाल झाले. दोनशे बारा जण, वीस वर्षांचं नाव, परिषदेतली ती दहा मिनिटं. उद्यापासून कुठल्याही डावऱ्या छेदाचा फोटो आला की लोक काय म्हणतील? आणि दुसरीकडे एक बाई, जिला सुईत दोरा ओवता येत नाही.

दीड वाजला. भीती कमी झालेली नव्हती. फक्त वेळ कमी झाला होता. त्यांनी लिहिलं:

"ही नोंद माझी आहे. आधीचा साहेब मी. शेवटचा एक तुकडा दिसेनासा झाला होता, तो निघाला असं मी धरून चाललो आणि पूर्ण काढला असं लिहिलं. सिस्टरने तेव्हाच शंका विचारली होती. काल जो तर्क म्हणून सांगितला तो तर्क नव्हता. कृपया आज रोपण करू नका, आधी तुकडा काढा."

बोट पुढे होईना. शेवटी डोळे मिटून त्यांनी ते पाठवलं.

गट गप्प. एरवी कुणाच्या वाढदिवसालाही तासभर घंट्या वाजत राहतात, तिथे चिटपाखरू नाही. वाचणाऱ्यांचा आकडा तेवढा वाढत होता. तीस, ऐंशी, एकशे चाळीस. त्यांनी धाकटीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. ती हात धुऊन थिएटरमध्ये शिरली असेल, फोन बाहेर कपाटात असेल, या विचाराने डॉक्टरांना बसवेना. ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागले. दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"सर, वाचलं मी," धाकटी म्हणाली.

"पेशंटला टेबलावर घेतलंत का?"

"नाही. समोर बसल्या आहेत. त्यांना तपासत होते, म्हणून फोन घेता आला नाही."

"मग तीनचं रोपण?"

"ते कालच रद्द केलं. तुम्ही अनुभव असं लिहिलंत ना, त्यानंतर लगेच. कॉर्निया दुसऱ्या एका पेशंटला दिला. आज फक्त तुकडा काढणार आहे."

डॉक्टर खुर्चीत बसले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सर, पट्टी मीच चिकटवली होती. तिच्याखाली काय आहे ते मला माहीत असणारच की."

दोन दिवस डॉक्टरांनी सगळा विचार केला होता, पण हा नाही. नाव झाकणाऱ्याला नाव ठाऊक असतं, ही एवढी साधी गोष्ट. नऊ वर्षं तो नियम चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती कधी आलीच नव्हती.

"मग मला सरळ फोन का नाही केलात?"

"केला होता. सोमवारी दोनदा. नोंदीत सगळं लिहिलेलं आहे, तेवढं वाचून घ्या, असा निरोप मिळाला तुमच्या रिसेप्शनवरून." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच डॉक्टरांना सहन होईना. "मग म्हटलं गटावर टाकावं. तिथे तुम्ही बघता. तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. उशीर झाला, पण बोललात. सर, यांना मी तुकडा काढायचाय एवढंच सांगितलंय. तो का राहिला, ते तुम्हीच सांगावं. फोन देते."

नको म्हणायला वेळच मिळाला नाही.

"कोण, आमचे डॉक्टर का?" बाईंचा आवाज मोकळा, आनंदलेला. "बरं झालं बाई तुम्ही फोन केलात. या मॅडम फार चांगल्या आहेत, पण मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, ऑपरेशन आमच्या डॉक्टरांनी उत्तम केलं होतं हो. पुढे आमच्याकडूनच थेंबांची हयगय झाली. तुम्हीच तर म्हणाला होतात."

म्हणाले होते. दीड महिना झाल्यावर बाई धूसर दिसतं म्हणून आल्या होत्या, बाहेर गर्दी होती, आणि डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले होते, थेंब वेळेवर पडलेले दिसत नाहीत, घरच्यांना लक्ष द्यायला सांगा. डॉक्टर लोक हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणतात.

"थेंबांची काही चूक नव्हती," डॉक्टर म्हणाले. "चूक माझी आहे. मोतीबिंदूचा एक तुकडा आत राहिला. मला तेव्हा शंका आली होती, मी नीट शोधला नाही, आणि कागदावर सगळं ठीक आहे असं लिहिलं. तुम्हाला त्रास झाला तो त्याच्यामुळे. मला माफ करा."

डॉक्टर रागाची वाट बघत होते. राग आला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे थेंब बरोबर पडले होते?"

"बरोबर पडले होते."

"सगळे?"

"सगळे."

"दिवसातून सहा वेळा होते ते," बाई हळू म्हणाल्या. "सून घालायची. दुपारच्या थेंबासाठी कामावरून धावत घरी यायची आणि तशीच परत जायची, उभ्या उभ्या पाणी पिऊन. आणि तुम्ही तसं म्हणालात म्हटल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. माझ्या डोळ्यावर उठलीस म्हणाले. ती म्हणत होती, आई, एकही थेंब चुकवला नाही मी. मी म्हटलं, डॉक्टर खोटं बोलतात का? मुलगाही तिलाच बोलला. त्यावरून घर सोडून मी इकडे मुलीकडे आले. दीड महिना झाला, तिच्याशी एक शब्द बोललेली नाही मी."

डॉक्टर डोळ्याबद्दल बोलायची तयारी करून बसले होते.

"कागद-पेन आहे का जवळ?" बाईंनी विचारलं. "तिचा नंबर घ्या. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी गोड बोलून परत यायला बघते. तुम्ही सांगा."

त्यांनी एकेक आकडा सांगितला, डॉक्टरांनी लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला.

"काय सांगाल?"

"आत्ता तुम्हाला जे सांगितलं तेच."

"तिला जरा जास्त सांगा," बाई म्हणाल्या. "तिने जास्त ऐकून घेतलंय."